ज्या खुनाचे कुणालाच दुःख नाही, तो वाचताना आनंद का व्हावा?

नौपाडाकर (धागाकर्ता):
नुकतीच एक इंग्रजी कोझी मिस्टरी, म्हणजे लहान गावात घडणारी, रक्तपात टाळणारी आणि हौशी शोधिकेने उलगडलेली रहस्यकथा, वाचून संपवली. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे लहानसे गाव, जुन्या पुस्तकांचे दुकान चालवणारी पन्नाशीची बाई आणि गावातल्या सर्वांत श्रीमंत, सर्वांत नावडत्या ग्रंथसंग्राहकाचा खून. पुढे एक धागादोरा उघड करणार असल्यामुळे शीर्षक मुद्दामच देत नाही. मृताच्या मेजावर एक दुर्मीळ पुस्तक असते आणि त्याच्या शेवटच्या प्रकरणावर मृताने लिहिलेले म्हणून एक टिपण पोलिसांना मिळते. त्या टिपणामुळे संशय पुतण्यावर जातो. दुकानदारीण पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवते आणि तिच्या लक्षात येते, की शेवटच्या पानांच्या जोडलेल्या कडा (जुन्या पुस्तकांत त्या वाचकानेच कापायच्या असत) कधी कापल्याच गेलेल्या नाहीत. जे प्रकरण उघडलेच गेले नाही, त्यावर तो टिपण लिहील कसा?

अशा कादंबऱ्यांना वेळ घालवण्याचे साहित्य म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझा वाद आहे. येथे नायिकेचे पुस्तकवेड वरून चिकटवलेले नसते, तीच तिची तपासाची रीत असते. अगाथा ख्रिस्ती यांची शोधिका मिस मार्पल १९२७ मध्ये लघुकथेतून आणि १९३० मध्ये कादंबरीतून आली, ती आपल्या खेड्यातल्या माणसांच्या खोड्या लक्षात ठेवून त्यांवरून परक्या माणसांना ओळखत असे. पुस्तकवेड्या शोधिका तेच काम कागद, बांधणी आणि समासातल्या अक्षरांवरून करतात. मराठी रहस्यकथा बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकांतून घरोघरी नेली, पण झुंजार आणि काळापहाड हे धाडसाचे नायक होते. ज्या ठाणे शहरात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे, तेथे एखादी ग्रंथपाल नायिका म्हणून का येऊ नये?

नेरुळचा रहिवासी:
आपण वर्णन केलेला धागादोरा सुरेख आहे, यात शंका नाही. माझा आक्षेप त्याच्या आधीच्या वाक्याला आहे. मृत मनुष्य 'सर्वांत नावडता' का असावा लागतो? कारण त्याच्यासाठी कुणी रडले, तर चहा आणि केकची चव बिघडेल. अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांनी १९४४ मध्ये एका निबंधात हीच तक्रार केली होती आणि त्यांचेच समव्यवसायी डॅशिएल हॅमेट यांनी खून पुन्हा त्या माणसांच्या हाती दिला, जी काही कारणाने खून करतात, असे म्हटले होते. माझे मत त्याहून कडक आहे. प्रेताला कोड्याचा पहिला चौकोन करून टाकणारे पुस्तक कितीही चतुर असले, तरी ते वाचकाला थोडे निर्दय करते.

दुसरे म्हणजे लहान गावाचे हे गोडवे. सगळे एकमेकांना ओळखतात याचा आपल्याकडे अर्थ काय, ते भाड्याने घर शोधणाऱ्या एकट्या मुलीला विचारावे. ती किती वाजता परतली, तिच्याकडे कोण आले, तिचे आडनाव काय, हे सर्व समोरच्या खिडकीला ठाऊक असते. तीच नजर कादंबरीत शोधिकेची बुद्धिमत्ता म्हणून गौरवली जाते.

तलावपाळीचा वाचक:
ग्रंथालयातल्या जुन्या रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने 'खुनी दिवाणजी आहे' असे लिहून ठेवलेले असते, हे आपल्या पिढीला माहीत आहे. तरीही आम्ही ती पुस्तके शेवटपर्यंत वाचत आलो. म्हणजे आनंद कोड्यातही नाही आणि प्रेतातही नाही. तो त्या गावातल्या माणसांच्या बोलण्यात आहे. नेरुळकरांचा निर्दयतेचा आरोप म्हणूनच मला पटत नाही.

कोर्टनाक्याचा वकील:
साहित्यिक वादात मी पडत नाही, पण ही नायिका ठाणे शहरात आली तर काय होईल, ते सांगतो. दुकानदारीण पुस्तक हातात घेऊन कडेवरून बोट फिरवते, तेव्हा पंचनाम्याआधीच मुद्देमाल हाताळला जातो; बचाव पक्षाला आणखी काय हवे? मग सर्वांना दिवाणखान्यात जमवून निरीक्षकासमोर गुन्हेगाराकडून कबुली घेण्याचा तो लाडका प्रसंग. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम २५ होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आले आहे. गंमत अशी, की आरोपी पोलिसांच्या ताब्यात नसताना त्याने स्वखुशीने ग्रंथपालबाईंजवळ दिलेली कबुली मात्र पुराव्यात येऊ शकते, जरी न्यायालये तिला दुबळा पुरावा मानतात आणि तिला पुष्टी मागतात. तेव्हा आपल्या लेखकाने शेवटच्या प्रकरणात निरीक्षकाला चहा प्यायला बाहेर पाठवावे. हौशी शोधिकेला खरे काम देणारा कायदा इंग्लंड-अमेरिकेपेक्षा आपल्याकडेच अधिक सोयीचा आहे, असे माझे गंभीर मत आहे.

वाशीची वाचक:
खिडकीतल्या नजरेचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. या कथांतली शोधिका बहुधा वयस्क, एकटी आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेली असते. तिच्यासमोर माणसे बिनधास्त बोलतात, कारण ती त्यांना मोजण्याइतकी वाटत नाही. जी नजर आयुष्यभर तिच्यावर रोखलेली होती, ती येथे तिच्याकडून प्रतिष्ठितांवर उलटते. मला आनंद होतो तो याचा.

नेरुळचा रहिवासी:
वाशीच्या ताईंचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत बळकट आहे, आणि तरीही मी माघार घेत नाही. ती नजर प्रतिष्ठितांवर उलटते खरी, पण तिला लागणारी माहिती कुठून येते? मोलकरणीला बोलते करून, पोस्टमनकडून पत्रांचे पत्ते काढून. शिवाय आमच्या नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईतल्या आमच्या वसाहतीत, हे सर्व काम फाटकावरची नोंदवही आणि जिन्यातला कॅमेरा करतो. तेथे शोधिकेपेक्षा रखवालदार आधी उलगडा करील. म्हणजे ठाण्याच्या जुन्या वाड्यात बेतलेली कादंबरीसुद्धा आजची राहणार नाही, ती आठवणींचा बाजार होईल.

नौपाडाकर (धागाकर्ता):
कॅमेरा माणूस दाखवतो, कारण दाखवत नाही. पुतण्या त्या रात्री घरात शिरला, हे मी वाचलेल्या कादंबरीतही सर्वांना पहिल्यापासून ठाऊकच होते. निर्दयतेबद्दल म्हणाल, तर कवी ऑडेन यांनी १९४८ मध्ये या प्रकाराचे व्यसन स्वतःला असल्याचे सांगून त्याची बाजू मांडली होती. जागा जितकी निर्मळ, तितके प्रेत तेथे विसंगत वाटते, आणि त्या विसंगतीचा धक्का हाच कथेचा पाया, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटते. ज्या वस्तीत रोजच मुडदे पडतात, तेथे वाचक प्रेताकडे पाहतही नाही. या गावात एक पडला, तर बेकरीपासून चर्चपर्यंत सर्वांचे व्यवहार अडतात. यालाच मी एका जिवाची किंमत म्हणतो.

नेरुळचा रहिवासी:
मग एकच विचारतो. आपल्या त्या संग्राहकाच्या अंत्यविधीला कोण आले होते?

नौपाडाकर (धागाकर्ता):
सारे गाव आले होते. पूर्ण प्रकरण आहे त्यावर, आणि कोण आले नाही हे पाहूनच तर बाईंचा संशय दुसरीकडे वळतो.

नेरुळचा रहिवासी:
म्हणजे अंत्यविधीसुद्धा हजेरी घेण्यासाठीच झाला. माझा आक्षेप नेमका हाच होता.