मदत हवी आहे: संत्र्याचा ताण उपग्रहाच्या चित्रात का दिसत नाही?

वरुडकडचा बगीचा
नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात ५ एकर नागपुरी संत्रा, ६ × ६ मीटरवर साधारण ५६० झाडं, वय १२ वर्षं, खुंट जंबेरी, ठिबक. पश्चिमेकडे भारी काळी जमीन. पूर्वेच्या धुऱ्याकडे (बांधाकडे) खाली काय आहे ते कधी खोदून पाहिलेलं नाही. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरीस फुलं यावीत म्हणून, झाडांना ताण द्यायला ५ डिसेंबरला पाणी बंद केलं. आज ३१ वा दिवस.

ताण किती बसला ते कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांतून पाहतोय. एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, महिनाभर हललाच नाही. एनडीएमआय, म्हणजे ओलाव्याचा निर्देशांक, आधी थोडा उतरला आणि मग पाणी दिलेलं नसताना वर चढला. पश्चिमेच्या झाडांची पानं फिकट पडायला लागली, पण चित्रात तोच भाग सगळ्यात हिरवा. पूर्वेचा पट्टा मात्र आठव्या दिवशीच खाली गेला. ताण कोणत्या आकड्यावर तोडायचा? द्राक्षाच्या बागांचे उंबरठे वाचले, ते चालतील का?

गिरमिट
भाऊ, द्राक्षाचे उंबरठे बाजूला ठेवा. तिकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. वेल उघडी पडते, मग मांडव भरत जातो. आकडा चढतो-उतरतो तो बराचसा पानांच्या पसाऱ्यामुळे. संत्रा बारमाही हिरवा, पान जाड आणि मेणचट. पाणी तुटलं की झाड आधी पर्णरंध्रं मिटून घेतं, पानातलं पाणी धरून ठेवतं. हरितद्रव्य त्याच्याही नंतर कमी होतं. एनडीव्हीआय हिरवेपण मोजतो, म्हणून ताणाची खबर तो सगळ्यात शेवटी देतो. ताणासाठी एनडीएमआयच पाहा: बँड (उपग्रह मोजतो तो प्रकाशाचा ठरावीक पट्टा) ८ए आणि बँड ११ यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज. बँड ११ हा १.६ मायक्रोमीटरच्या आसपासचा, पानातलं पाणी तिथला प्रकाश शोषतं.

पण तुमच्या चित्रात एकटं झाड नाही. ६ × ६ वर एका झाडाच्या वाट्याला ३६ चौरस मीटर येतात. झाडाचा व्यास ५ मीटर धरला तर छत्री साधारण २० चौरस मीटरची. उरलेल्या ४५ टक्क्यांत माती, गवत आणि सावली. हिशेबापुरतं सांगतो, पानांचा आकडा ०.०६ ने उतरला तरी सगळं मिसळून चित्रात जेमतेम ०.०३ दिसेल. विरळ धुक्यानेही एवढा फरक पडू शकतो.

आता मला सांगा, पश्चिमेकडे दोन ओळींच्या मध्ये गवत आहे का? काळ्या जमिनीत परतीच्या पावसाची ओल टिकते, त्यावर हिवाळी तण माजतं. उपग्रहाला संत्र्याचं पान कोणतं आणि तणाचं कोणतं हे कळत नाही.

धुऱ्यावरून
सीमारेषा कशी आखली तेही सांगा. बँड ११ चा एक चौकोन २० × २० मीटरचा, म्हणजे ११ झाडांचा. ब्राउझर तो गुळगुळीत करून दाखवतो म्हणून बारकावा आहे असं वाटतं, तो खरा नसतो. धुऱ्यावरची सागाची किंवा निंबाची झाडं आणि शेजाऱ्याचा गहू कडेच्या चौकोनांत मिसळतात. नोव्हेंबरात पेरलेला गहू डिसेंबर-जानेवारीत भरात येतो आणि ओलिताखाली असतो. तुमचा आकडा पाणी न देता वर गेला, त्याचं पहिलं संशयित कारण हेच.

गूगल अर्थवर बगीच्याची आकृती काढा, चारही बाजूंनी २० मीटर आत घ्या, केएमएल फाइल (नकाशावरच्या आकृतीची फाइल) करून ब्राउझरमध्ये चढवा. १८० × ११२ मीटरचा तुकडा असेल तर आत १४० × ७२ उरतो, साधारण २५ चौकोन. तेवढे पुरतात. एका एकराच्या तुकड्यात असा जेमतेम एखादाच उरतो, तिथे हा खटाटोप करूच नये. गट नंबरचा नकाशा सरळ वापरू नका, तो उपग्रहाच्या चित्रावर सरकलेला बसू शकतो.

एल१सी (हवेचा परिणाम न काढलेली) आणि एल२ए (तो काढलेली) चित्रं मिसळू नका, एल२एच घ्या. प्रत्येक तारखेचं खऱ्या रंगातलं चित्र डोळ्यांनी पाहा. ढगांची टक्केवारी सगळ्या मोठ्या चौकटीची असते, तुमच्या वावराची नाही. पांढुरकी झाक दिसली की ती तारीख सोडा.

वरुडकडचा बगीचा
दोन्ही खरं निघालं. पश्चिमेला ओळींच्या मध्ये गुडघ्याएवढं तण आहे, आणि दक्षिणेला लागून शेजाऱ्याचा ओलिताचा गहू. आकृती आत घेतल्यावर तो चढ गेला. पण पूर्वेचा पट्टा अजून खालीच आहे. लँडसॅटच्या तापमानाच्या चित्रात काही कळेल का?

गिरमिट
तापमान ताण लवकर सांगतं हे खरं, रंध्रं मिटली की पान तापतं. पण लँडसॅट ८ आणि ९ चा तापमापक मुळात १०० मीटरचा, ३० मीटरला फक्त वाटून दिलेला. तुमच्या तुकड्यात असे दोन चौकोन जेमतेम बसतील आणि त्यातही गव्हाचा गारवा शिरेल. सोडा.

त्यापेक्षा जोडीला ताणावर नसलेला बगीचा घ्या. शेजारपाजारी मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा) धरलेला, त्याच वयाचा आणि अंतराचा बगीचा असेल तर त्याला आत्ता फळांसाठी पाणी चालू असतं. त्याचीही आकृती काढा आणि दर तारखेला दोन्हींच्या एनडीएमआयमधला फरक लिहा. धुकं असो, सूर्य कलता असो, दोन्हींवर सारखंच होतं, ते वजाबाकीत निघून जातं. डिसेंबरात उपग्रह जातो तेव्हा, साधारण साडेदहाला, सूर्य ४० अंशांवर असतो आणि ४ मीटर झाडाची सावली पावणेपाच मीटर पडते. मे महिन्यात ती दीड मीटर. म्हणून मृगाच्या ताणाचे आकडे आंबियाला लावायचे नाहीत. फरक लागोपाठ दोन स्वच्छ चित्रांत वाढला तरच तो धरा.

खरप जमीन
पूर्वेच्या पट्ट्याचं उत्तर ऑक्टोबरच्या चित्रात आहे. पावसाळा संपताना सगळ्या वावरात ओल असते, तेव्हा हा पट्टा बाकी बगीच्याच्या बरोबरीने होता का?

बरोबरीने असून पाणी बंद झाल्यावरच खाली गेला असेल, तर खाली मुरूम आहे, माती उथळ आहे. तिथे ताण लवकर बसतो. पण ऑक्टोबरातही खालीच असेल तर पाण्याचा प्रश्नच नाही, झाडं आजारी किंवा विरळ आहेत. मग बुंध्याशी डिंक ओघळतोय का, साल कुजली का, शेंडे वाळताहेत का ते पाहा. फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगाने मुळं सडली तर ओल्या मातीतही झाड तहानलेलं दिसतं. काळ्या माशीमुळे कोळशी धरली तरी पानांवर काजळी चढून आकडे बिघडतात. अशा झाडांना ताण दिला तर ती खचतात, आणि हीच चूक सगळ्यात महाग पडते.

मागच्या वर्षांची तुलना फाइल उतरवून स्वतः करणार असाल तर एक खोच आहे. २५ जानेवारी २०२२ पासून चित्रांच्या मोजणीत १००० ची भर घातलेली असते. नव्या फाइलींतून ती वजा केली नाही तर जुन्या-नव्यात खोटाच फरक दिसतो. गूगल अर्थ इंजिनमध्ये 'हार्मोनाइज्ड' संच घेतला की ही दुरुस्ती झालेली असते.

वरुडकडचा बगीचा
ऑक्टोबरच्या तिन्ही स्वच्छ चित्रांत पट्टा बाकी बगीच्याइतकाच आहे. बुंधे कोरडे, डिंक नाही. आज माती काढायच्या गिरमिटाने (हाताने फिरवायच्या अवजाराने) भोक पाडून पाहिलं: पूर्वेला ४० सेंटिमीटरवर मुरूम लागला, ३० वर माती पीठ झालेली. पश्चिमेला ३० वर माती मुठीत दाबली की फुटते, ६० वर अजून गोळा होतो. पूर्वेच्या झाडांखाली पानांचा थर आहे, साधारण चौथाई पानं गळाली असावीत.

खरप जमीन
मग पूर्वेचा ताण पूर्ण झालाय, तिथे आता एक दिवसही थांबू नका. पुढचं चित्र पाच दिवसांनी, त्यात ढग आला की दहा. तोवर काड्या वाळायला लागतील. ताण तोडायची तारीख झाड आणि गिरमिटाने काढलेली माती ठरवतात. चित्र फक्त कुठे जाऊन पाहायचं ते सांगतं.

आळ्यांत खत घालून आधी हलकं आंबवणीचं पाणी, ३-४ दिवसांनी चिंबवणीचं, मग नेहमीच्या पाळ्या. पहिल्याच दिवशी भरपूर पाणी सोडलं तर बहाराऐवजी नवतीच (कोवळी पालवीच) जास्त फुटते. पश्चिमेला तण काढा, ओळींमधून उथळ वखर फिरवा, मुळं तुटू देऊ नका. तिथे ताण अजून दोन आठवडे तरी चालेल. दर चार दिवसांनी ३० आणि ६० सेंटिमीटरची माती पाहा. भारी जमिनीत ताण हळू बसतो.

धुऱ्यावरून
पाणी दिल्यावर एनडीएमआय लगेच चढेल. ती ओली माती असते, झाड सावरलं असं समजू नका. नवती आणि फुलं दिसली की मगच माना.

आणि पूर्वेच्या पट्ट्याच्या ओळींसाठी सबमेनवर (ठिबकच्या उपनळीवर) वेगळा व्हॉल्व्ह बसवा. एका व्हॉल्व्हवर मुरूम आणि काळी माती दोन्ही असेपर्यंत एका बाजूला ताण जास्त होणार नाहीतर दुसऱ्या बाजूला बसणारच नाही. पट्ट्याची हद्द १३ डिसेंबरच्या चित्रावरून घ्या, पण व्हॉल्व्हची जागा पक्की करण्याआधी त्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना दर तीन ओळींवर गिरमिटाचं एक भोक मारून पाहा. २० मीटरच्या चौकोनात तीन ओळींची चूक सहज होते.

वरुडकडचा बगीचा
पूर्वेला उद्या सकाळी आंबवणी सोडतो. भोकांची खोली ओळ क्रमांकासह इथेच टाकतो.