होम स्टेजिंग: कोर्सच्या आधी हे बघा

सजावटीची आवड आहे म्हणून अमेरिकेत होम स्टेजिंगचा, म्हणजे विकायला काढलेलं घर गिऱ्हाइकाला आवडेल असं सजवून देण्याचा, महागडा कोर्स करू का असं विचारलंयत, आणि बाकी सगळ्यांनी कुठलं सर्टिफिकेट चांगलं तेवढंच सांगितलंय म्हणून थोडी भर घालते. रिअल इस्टेट एजंटला राज्याचं लायसन्स लागतं तसं स्टेजरला लागत नाही, एएसपी (अ‍ॅक्रेडिटेड स्टेजिंग प्रोफेशनल) वगैरे पदव्या खासगी आहेत. ही एएसपी बार्ब श्वार्झ यांची, त्यांनी १९७२ मध्ये सिअ‍ॅटलच्या भागात हे काम सुरू केलं. कोर्स जरूर करा, पण त्यात करार कसा लिहायचा, फर्निचरचं भाडं ठरलेल्या मुदतीनंतर कसं लावायचं, सोफ्यावर डाग पडला तर भरपाई कोणाची, इन्शुरन्स कुठला, हे शिकवतात का ते आधी विचारा, कारण रंगसंगती डोळ्याला जमते हो, धंदा इथेच अडतो.

रिकामं घर सजवायचं तर सोफे, गालिचे, दिवे, ते ठेवायला गोडाऊन, न्यायला ट्रक असं सगळं लागतं, म्हणून सुरुवात राहत्या घरांपासून करा, मालकाचंच सामान वापरून, नुसती सल्ल्याची फी घेऊन. हॉल, मोठी बेडरूम, किचन आधी. आपल्या लोकांच्या घरात भिंतीवरचे फोटो काढा, देवघर आवरा हे सांगणं फार नाजूक असतं आणि तिथे मराठी बोलणारी स्टेजर खरंच उपयोगी पडते. जमलं तर एखाद्या अनुभवी स्टेजरकडे एक सीझन हाताखाली काम करा, वसंत ऋतूत घरविक्री जोरात असते तेव्हा त्यांना माणसं हवीच असतात.