वाढतात ते ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉल नव्हे
एका तेलकट जेवणाने कोलेस्टेरॉल लगेच वर जातं म्हणताय, तर तसं नाहीये, वर जातात ते ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा वेगळा प्रकार). आतड्यात शोषलेली चरबी कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत भरून आधी लिम्फमध्ये (रक्तवाहिन्यांहून वेगळ्या नळ्यांतून वाहणारा द्रव) आणि मग रक्तात येते, म्हणून साखरेसारखी तासाभरात नाही तर साधारण ३-४ तासांनी सगळ्यात जास्त दिसते (तेव्हा काहींचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, चक्क दुधासारखं गढूळ दिसतं!). एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, जेमतेम हलतं. पण बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, फॉर्म्युल्याने काढतात आणि त्यात ट्रायग्लिसराइड ४०० mg/dL च्या वर असले की आकड्यावर भरवसा नाही. तरी २०१६ च्या युरोपियन तज्ज्ञांच्या शिफारशीत कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडच्या रुटीन टेस्टला उपाशी राहायची गरज नाही असंच म्हटलंय.