अनुभव धागा : हॉस्टेलची अर्धी खोली कशी सजवली? (इंदूरकर आणि माजी इंदूरकर)

जळगावची माझी भाची यंदा इंदूरला शिकायला येतेय. खोली अजून मिळालेली नाही, पण रोज रात्री मला फोटो येतात. "मावशी, बोहो करू की मिनिमल?" बोहो म्हणजे काय हे तिनंच समजावलं: झालरी, वेताच्या टोपल्या, चार रंगांच्या उशा. म्हटलं, अगं, हे तर तुझ्या पणजीचं माजघर!

मी स्वतः 1991 ते 94 इथल्याच एका हॉस्टेलवर होते. तीन पलंग, तीन लोखंडी कपाटं, एक खिडकी, भिंतींना चुन्याचा निळसर हात. चुन्यावर चिकटपट्टी टिकत नाही, पांढरी भुकटी घेऊन खाली येते. म्हणून मेसच्या काकूंकडून मैद्याची खळ शिजवून आणली आणि जुन्या कॅलेंडरांची निसर्गचित्रं भिंतभर चिकटवली. काश्मीर, उटी, एक धबधबा. दोन महिने मी राणी होते. पावसाळ्यात रात्री धबधब्यातून कुरकुर ऐकू यायला लागली. कोपरा सोडवून पाहिलं तर मागे झुरळांचं गोकुळ, खळ खाऊन गुबगुबीत झालेलं. पुढे खजुरी बाजारातल्या एका बाइंडरनं सांगितलं, खळीत चिमूटभर मोरचूद घालायचं असतं, मग कीड लागत नाही. ते विषारी असतं, तेव्हा उशाशी नकोच.

तर ज्यांनी इंदूरच्या हॉस्टेलात, पीजीत किंवा भाड्याच्या खोलीत दिवस काढलेत त्यांनी लिहा. स्टाइल कोणती ठरवली होती आणि प्रत्यक्षात काय झालं? फोटो नसले तरी चालतील.

– रामबागवाली मावशी

खंडवारोड_रिटर्न

आमची स्टाइल मिनिमल होती, कारण पैसे मिनिमल होते. पांढरी चादर, पांढरा पडदा, एक टेबल. इंदूरमध्ये पांढरं टिकवायचं असेल तर खोलीत शेव आणू नका. मला ते जमलं नाही. सहा महिन्यांत चादरीवर पिवळ्या बोटांचा नकाशा झाला होता.

आणि खिळा ठोकू नका. खोली सोडताना मालकांनी भिंतीवरून हात फिरवून भोकं मोजली होती. अकरा निघाली, त्यातली चार माझ्या आधीच्या मुलाची, पण पैसे माझ्याच डिपॉझिटमधून कापले. खोलीत राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी भिंतींचे फोटो काढून ठेवा म्हणावं भाचीला.

अकोल्याची_भुलाबाई

थोडं लांबेल, माफ करा.

मला पांढरी खोली हवी होती. वहीत आराखडा काढला होता: खिडकीशी पांढरा पडदा, दोरीवर फोटो, टेबलावर एकच फूल. रूममेट देवासजवळच्या गावची. पहिला महिना ती काही बोलली नाही. भाद्रपद पौर्णिमेला संध्याकाळी खोलीत आले तर ही बाई शेणाचा गोळा घेऊन बसलेली! केळीच्या पानात गुंडाळून कुठूनशी आणला होता.

माळव्यातल्या मुली पितृपक्षात भिंतीवर संजा मांडतात, हे मला ठाऊक नव्हतं. रोज शेणाची नवी आकृती, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या. दुजेला बिजोरा, सप्तमीला स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल आणि शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी आकृती. सर्वपित्री अमावास्येनंतर सगळं खरवडून पाण्यात सोडायचं. बाजारात कागदाची तयार संजाही मिळते, चिकटवली की झालं. पण हिला ती चालत नव्हती.

मी म्हटलं, माझ्या भिंतीला शेण लावायचं नाही. ती म्हणाली, "तुझी भिंत पांढरी ठेव ना. ही माझी आहे." खोलीच्या मधोमध ट्यूबलाइटखाली आम्ही खडूनं रेघ मारली. खरोखरच मारली.

रेक्टर मॅडमनी अर्थातच भिंतीला हात लावू दिला नाही. मग खाली जिन्यात पडलेलं कूलरचं खोकं फाडून त्याचा पुठ्ठा तिनं खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधला आणि त्यावर सुरुवात केली. पहिल्या दिवशी वास आला, दुसऱ्या दिवशी नाही. वाळलेल्या शेणाला वास नसतो, हे शहरात वाढलेल्यांना सांगून पटत नाही. ती बोटानं शेणाची वळी करून दाबत जायची. अंगठा पुढे सरकायचा, करंगळी मागून कड सारखी करायची. वर गुलबासाच्या पाकळ्या, ओल्यावरच खोचायच्या, नाहीतर धरत नाहीत. मग चार-पाच जणी जमून गाणी म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी मला राहवेना. आमच्याकडे भुलाबाईसुद्धा याच पौर्णिमेला बसते आणि कोजागरीपर्यंत चालते. गाणी वेगळी, पण सासरचं गाऱ्हाणं तेच. मीही म्हटली दोन. खाऊ ओळखायचा खेळ त्यांना माहीत नव्हता, तो शिकवला. डब्यात मंगोडे (मुगाची भजी) आहेत हे डबा हलवून कोणालाच ओळखता आलं नाही.

पांढरा पडदा मी वर्षअखेरीला लावला. तोवर खिडकीशेजारी, जिथे पुठ्ठ्याची कड भिंतीला टेकत होती, तिथे पट्टाभर भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ राहिली होती. फोटोंची दोरी मी तिच्यावरून नेली नाही.

रात_सराफ्यात

एलईडी पट्टी लावली होती, रंग बदलणारी. बाबा अचानक भेटायला आले. दारातच थांबले. "खोली आहे का हुकुमचंद मिलची झांकी?" अनंत चतुर्दशीला इंदूरच्या कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे झगमगत्या रोषणाईचे देखावे, निघतात; ती मिरवणूक पाहिलेल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको. पट्टीचा गोंद मे महिन्याच्या उन्हानं सुटला आणि रात्री तीनला ती माझ्या तोंडावर पडली. तेव्हापासून साधा बल्ब.

लाल_रेक्झिन

इंटिरियरचा विद्यार्थी होतो, त्यामुळे डोक्यात हवा. आमच्या लायब्ररीत माणिकबाग महालावरचं एक जाडजूड पुस्तक होतं. 1930 च्या आसपास इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट म्युथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून तो बांधून घेतला. बाहेरून साधा, आत काच, धातू, सरळ रेषा. झुंबरं-महिरपी असल्या राजेशाही थाटाचा मागमूस नाही. बरंचसं फर्निचर 1980 मध्ये मोनॅकोला लिलावात गेलं. महालात सरकारी कर-कार्यालय आलं. आम्ही गेटाबाहेरून आत डोकावायचो, पहारेकरी हाकलायचा.

त्या पुस्तकातली लाल खुर्ची मला झपाटून बसली. म्युथेसियसचीच. पाठीच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या उंचीवर, खुर्चीतच बसवलेले दिवे. बसा, बटण दाबा, वाचा. नव्वद वर्षांपूर्वी हे सुचलं!

मी अटालेवाल्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, बिनहाताची लोखंडी खुर्ची आणली, स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्याकडून तिला लाल रेक्झिन चढवलं आणि दोन बाजूंना दोन होल्डर बांधले. दिसायला, खोटं कशाला सांगू, झकास. पण रेक्झिन एप्रिलमध्ये पाठीला चिकटायचं आणि उठताना चर्रर्र आवाज यायचा. वायरिंग मीच केलं होतं. अर्थिंग वगैरे भानगडी मला कुठल्या माहीत! लोखंडाला दोन्ही उघड्या वायरी टेकल्या आणि मजल्याचा फ्यूज उडाला. परीक्षेच्या आदल्या रात्री. बावीस पोरांनी मला जी विशेषणं दिली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. खुर्ची वॉर्डननी जप्त केली. पुढचं वर्षभर तेच तिच्यावर बसून हजेरी घेत होते, दिवे काढून.

खोलीत लोखंडी खाट असेल तर तिला वायर गुंडाळू नका, एवढं मात्र मनावर घ्या.

गुलाबी_अ‍ॅप्रन

मेडिकलला होते. फॅशन होती बाग प्रिंटची: लाल-काळे ठसे, पांढरी जमीन. धार जिल्ह्यातल्या बागचं खरं काम पक्क्या रंगाचं असतं. हातानं ठसे मारतात, वाहत्या पाण्यात धुतात, मग तांब्याच्या भांड्यात उकळतात. काळा रंग लोखंडाच्या गंजापासून येतो, लालाला तुरटी लागते. हे सगळं मला नंतर कळलं. मी घेतली होती ती रस्त्यावरची स्वस्त नक्कल, छापखान्यातली. दोन चादरी, उशीचे अभ्रे आणि उरलेल्या कापडाचा पडदा. खोली इतकी सुंदर दिसली की शेजारच्या विंगेतून मुली बघायला आल्या.

पहिल्याच धुण्यात बादलीत रूममेटचा अ‍ॅप्रन होता. वॉर्डात सरांनी तिला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टर, रंगपंचमीला वेळ आहे अजून."

ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. चादर विकत घेताना ओल्या पांढऱ्या रुमालानं कोपरा घासून बघा, दुकानदार काही म्हणो.

चिमणबाग

सगळे विकतच्या वस्तूंबद्दल लिहितायत म्हणून. आमच्या इंदुरात विष्णू चिंचाळकर गुरुजी होऊन गेले. सुकी पानं, काड्या, झाडाची सालं, फेकलेल्या वस्तू यांत त्यांना चेहरे आणि प्राणी दिसायचे आणि ते आपल्यालाही दाखवायचे. माझ्या आईनं लहानपणी त्यांचं काम पाहिलं होतं, त्यामुळे हॉस्टेलवर जाताना तिनं मला शोभेचं काही दिलं नाही. म्हणाली, तिथल्या झाडाखालून उचल. शिरीषाच्या शेंगा, एक वाकडी फांदी, कडुनिंबाच्या सालीचा तुकडा, जो उलटा धरला की घुबड दिसायचा. चार वर्षं टेबलावर होता. झाडूवालीनं दोनदा कचऱ्यात टाकला, दोनदा सुक्या कचऱ्याच्या डब्यातून परत काढला. इंदुरात कचरा वेगळा करतात त्याचा एवढा फायदा मला झाला.

मनीप्लांट_पीडित

बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणी आठवड्याला बदला. मी बदललं नाही. डेंग्यू मला नाही झाला, पलीकडच्या पलंगावरच्याला झाला.

रामबागवाली मावशी

सगळ्यांचं भाचीला वाचून दाखवलं. शेणाच्या वळ्यांपाशी ती गप्प झाली, खुर्चीपाशी हसली.

काल खोली मिळाली. रूममेट झाबुआकडची आहे, ती दोन दिवस आधीच आलीये. फोटो लावायला भाचीनं जळगावहून तागाची दोरी आणि पंचवीस लाकडी चिमटे आणले होते. संध्याकाळी फोन आला. "मावशी, तिनं खिडकीपासून कपाटापर्यंत दोरी आधीच बांधलीये. कपडे वाळत घालायला. नायलॉनची, हिरवी."

मग?

"मग काय. तिच्याकडे चिमटे नव्हते."