हिजिकाताच्या तलवारीची नक्कल सरावाला घ्यावी का?

निशिकासाईकर
दीड वर्ष झालं, तोक्योत इआइदो (म्यानातून तलवार उपसून वार करायची कला) शिकतोय. आजवर दोजोतल्या (तालमीतल्या) तलवारीवर भागवलं, आता स्वतःची इआइतो, म्हणजे सरावाची तलवार, घ्यायची आहे. मनात भरलीय ती शिन्सेनगुमीच्या (एदो काळाच्या शेवटी क्योतोत गस्त घालणारं सामुराई पथक) हिजिकाता तोशिझोची 'इझुमिनोकामी कानेसादा'. लाल म्यान, पातं मुळाबरहुकूम 70.3 सेंमी. माझी उंची 176. सेन्सेईंना फोटो दाखवला तर नुसते हसले. जाणकारांनी सल्ला द्यावा.

आडवाट
हसले म्हणजे नको म्हणाले. इतकी वर्षं जपानात राहून एवढं कळू नये?

गंमत बाजूला. 70.3 म्हणजे साधारण दोन शाकु तीन सुन (जुनी जपानी मापं: शाकु सुमारे 30 सेंमी, सुन त्याचा दहावा भाग, बु सुनाचा दहावा). एदो काळात हीच लांबी रूढ होती. तुमच्या उंचीला दोन शाकु चार सुन पाच बु, म्हणजे 74 च्या पुढेच हवी. आखूड पातं नुसत्या उजव्या हाताने सुळकन बाहेर येतं. मग डाव्या हाताने म्यान मागे ओढायचं, कंबर वळवायची, हे अंगात मुरतच नाही. वर्षभर वाटतं, काय सफाई आलीय! आणि दोजोतली लांब तलवार हातात घेतली की टोक म्यानाच्या तोंडाशी अडकतं. हिजिकाता 1869 मध्ये हाकोदातेच्या लढाईत मारला गेला, त्याची तलवार त्याच्या गावी, हिनोला, घरच्यांनी जपलीय. तिचा मान तिला. तुम्ही त्सुबा (मुठीपुढची चकती) तिच्यासारखी घ्या, लांबी स्वतःची घ्या.

खारीक
+1. शिवाय ती सरावाची आहे की शोभेची, ते आधी बघा. मी स्वस्तात एक घेतली होती, विक्रेत्याचं नाव नको. चार दिवसांत म्यान सैल. जरा वाकलो की तलवार आपोआप खाली सरकायची. म्यानाच्या तोंडाच्या आत लाकडाची कागदासारखी पातळ पट्टी चिकटवली, पॉलिश पेपरने घासत बसलो, तेव्हा कुठे हबाकी (पात्याच्या बुडाशी असलेली धातूची पट्टी) घट्ट बसली. त्याचं काही नाही हो. पण एक दिवस मूठच हातात हलली! बांबूची मेकुगी, म्हणजे मूठ पात्याला धरून ठेवणारी खुंटी, अर्धी बाहेर आली होती. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रत्येक सरावाआधी मेकुगी अंगठ्याने दाबून बघतो.

निशिकासाईकर
बाप रे. आणि अधूनमधून चटईची गुंडाळी कापून बघता येईल का?

आडवाट
अजिबात नाही! पातं जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, धार नसते. कशावर आपटलं तर मोडेल, तुकडा उडेल. ती हवेतच फिरवायची. मिश्रधातूची आहे म्हणून तर जपानात नोंदणीशिवाय मिळते. खऱ्या पोलादी तलवारीला नोंदणीचा कागद लागतो. तरी ट्रेनमध्ये पिशवीत बांधूनच न्या. सबळ कारणाशिवाय नकली तलवार सोबत घेऊन फिरायलाही इथल्या कायद्यात बंदी आहे. सरावाला जाणं हे कारण चालतं, मित्रांना दाखवायला नेणं नाही.

खारीक
पात्याला खोबण असलेली घ्या. हलकी पडते, आणि वार सरळ गेला तर 'सूं' आवाज येतो. तिरका गेला की मुकी.

निशिकासाईकर
ठरलं. दोन शाकु चार सुन पाच बु, खोबणीची, त्सुबा कानेसादासारखी. आज सेन्सेईंना सांगितलं. ते म्हणाले, "म्यान काळं घे."