आपल्या वस्तीतले टॉकीज: नागपूरकरांच्या आठवणी आणि उरलेल्या खुणा

धरमपेठकर
मागच्या आठवड्यात व्हरायटी चौकात गांधीजींच्या पुतळ्याजवळ सिग्नलला थांबलो असताना भाच्याने विचारले की, या चौकाला व्हरायटी का म्हणतात. चित्रपटगृह म्हणजे मॉलचा वरचा मजला, एवढेच त्याला ठाऊक आहे. इथे याच नावाचे टॉकीज होते, हे त्याला सांगताना रीगल, आनंद, जानकी, पंचशील, लिबर्टी, स्मृती, अलंकार, सुदामा, राजविलास, संगम अशी नावे एकामागून एक आठवत गेली. सीताबर्डी, सदर, महाल, धरमपेठ, प्रत्येक भागाचे आपले टॉकीज होते, त्याचा प्रेक्षक ठरलेला होता आणि घरून पायी जाऊन तिकीट काढता येत होते. सगळ्या इमारती वाचणार नाहीत, हे मला समजते. परंतु जी वाचणार नाही तिची निदान नोंद व्हायला हवी, आणि ती त्या इमारतीत बसलेल्या व राबलेल्या माणसांनीच करायला हवी, असे मला मनापासून वाटते. म्हणून विनंती आहे की, आपल्या टॉकीजबद्दल जे आठवते ते इथे लिहावे आणि घरात काही वस्तू, कागद, छायाचित्रे असतील तर तेही कळवावे.

महालची लेक
राजविलासला आम्ही घरातल्या सगळ्या बायका दुपारच्या खेळाला जात असू. बायकांच्या तिकिटांची खिडकी वेगळी असे आणि तिथली रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा अधिक शिस्तीची असे. वैशाखात बाहेर पारा ४५ अंशांवर गेलेला असायचा आणि घरात पंखासुद्धा गरम हवा फेकायचा. आत मात्र कूलरच्या ओल्या ताट्यांमधून खसाच्या वासाचा गारवा यायचा. कित्येकदा चित्रपट कोणता आहे याची चौकशी न करताच आम्ही निघालेलो असायचो, कारण त्या तीन तासांची सावली हवी असायची. तान्हे मूल रडू लागले की त्याची आई त्याला घेऊन दारामागच्या जाड पडद्याआड उभी राही आणि दारावरचे काका तिला बसायला स्टूल देत. माझ्या आईला कुणाला न विचारता जाता येईल अशा जागा फार थोड्या होत्या, त्यांत टॉकीज होते. जतनाविषयी बोलताना कमानी आणि खांबांबद्दल पुष्कळ बोलले जाते, पण ही बाब कुणी मांडत नाही, म्हणून लिहिले.

गड्डीगोदाम
ताई, स्टुलाचे अगदी खरे आहे. आमच्याकडे सदरला मध्यांतरात गाण्यांच्या पुस्तिका विकायला यायच्या. माझ्या मोठ्या बहिणीने जमवलेल्या पुस्तिकांचा एक गठ्ठा अजून माळ्यावर आहे.

केबिनमधला
मी सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो, म्हणून पडद्याच्या दुसऱ्या बाजूचे लिहितो. आमच्या केबिनमध्ये दोन यंत्रे होती आणि त्यांत दिवा नव्हता. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये पेटणाऱ्या ठिणगीच्या उजेडावर सगळा चित्रपट चालत असे. कांड्या जळत जातात तसे त्यांच्यातले अंतर वाढते, त्यामुळे ते सतत जुळवत राहावे लागते. क्षणभर दुर्लक्ष झाले तर पडद्यावर पिवळी छाया येते आणि खालून शिट्ट्या सुरू होतात. दोन हजार फुटांचे एक रीळ साधारण बावीस मिनिटे चालते. ते संपत आले की चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो, तेव्हा दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की एका यंत्राचा उजेड बंद करून दुसऱ्याचा उघडायचा. प्रेक्षकाला हा बदल कळला नाही, तर काम नीट झाले असे आम्ही समजत असू.

कधीकधी दोन टॉकीजमध्ये मिळून एकच प्रिंट, म्हणजे चित्रपटाच्या रिळांची एकच प्रत असे. अशा वेळी एका ठिकाणी उतरलेले रीळ सायकलवरून दुसऱ्या ठिकाणी न्यायला माणूस ठेवलेला असे आणि खेळांच्या वेळा त्या हिशेबाने पुढेमागे केलेल्या असत. मे महिन्यात केबिनचे तापमान किती होत असेल, याची कल्पना खाली कूलरच्या हवेत बसलेल्यांना येणे शक्य नव्हते. कार्बनचा धूर जायला वर धुराडे होते, पण उष्णता तिथेच राहत असे. पुढे झेनॉन दिवे आले, मग उपग्रहावरून येणारा डिजिटल चित्रपट आला आणि माझे काम कळ दाबण्यापुरते उरले. आमची दोन्ही यंत्रे भंगारात वजनावर गेली. इमारत पाडण्याच्या कितीतरी आधी ती गेली होती. म्हणून सांगतो, इमारतीला हात लागेपर्यंत थांबू नका. आतले सामान आधी जाते.

वऱ्हाडी पाहुणा
काका, त्या प्रिंटच्या पेट्या आमच्या अमरावतीहून यायच्या. नागपूर आणि वऱ्हाडचे वितरक अमरावतीला आणि भुसावळला बसत. सीपी अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, हा इंग्रजी काळातला प्रांत केव्हाच इतिहासजमा झाला, तरी चित्रपट व्यवसायात हा टापू आजही सीपी-बेरार म्हणूनच ओळखला जातो. शुक्रवारच्या पहिल्या खेळाआधी पेटी पोहोचली नाही की टॉकीजच्या मालकाचा जीव कसा टांगणीला लागत असे, हे मी लहानपणी जवळून पाहिले आहे.

नाव नको
आमच्या कुटुंबाचे टॉकीज होते. वाटण्यांचा वाद न्यायालयात असल्यामुळे नाव लिहीत नाही. मालकाने लोभापायी टॉकीज विकले, असे सरसकट म्हटले जाते, म्हणून आमची बाजू मांडतो. आमचा रात्रीचा खेळ गिरणीच्या पाळीवर अवलंबून होता. गिरण्या थंडावल्या तसा तो प्रेक्षक गेला. घरोघरी व्हिडिओ आणि केबल आले तेव्हा दुपारचा खेळही ओसरला. २००१ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या वर्षांसाठी करमणूक करात मोठी सवलत दिली, परंतु आमच्यासारख्या एकपडदा चित्रपटगृहांना पूर्ण कर भरावा लागत होता. आठशे खुर्च्यांच्या सभागृहात साठ माणसे बसली, तरी कूलर, वीज आणि कामगार तेवढेच लागतात.

पुढे जीएसटी आला. १ जानेवारी २०१९ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १२ टक्के आणि त्याहून महाग तिकिटावर १८ टक्के कर झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये स्वस्त तिकिटावरचा कर ५ टक्क्यांवर आणला गेला. हे चांगलेच झाले, पण आमच्यासाठी फार उशिरा झाले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे दारे बंद झाली, नोव्हेंबरमध्ये निम्म्या आसनांची परवानगी मिळाली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा टाळे लागले. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातली चित्रपटगृहे उघडली तेव्हा आमचे जुने कामगार दुसऱ्या कामांना लागले होते आणि खुर्च्यांचे फोम उंदरांनी फस्त केले होते. वडिलांनी विक्रीच्या कागदावर सही केली, त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत.

महालची लेक
भाऊ, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. तुमच्यासारख्या घरांनी आम्हा बायकांना बसायला जागा दिली, हे त्यांना आवर्जून सांगा.

रेखाटनवही
मी वास्तुविशारद आहे. मुंबईचे १९३८ चे इरॉस २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. आतली रचना बदलली, एकच आयमॅक्स पडदा राहिला, खालच्या भागात दुकान आले, पण आर्ट डेको या भौमितिक सजावटीच्या शैलीचे दर्शनी रूप टिकले. ते ज्या परिसरात आहे त्याला २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला आहे. पुण्यात प्रभात चित्रपटगृहाची वास्तू मूळ मालकांकडे परत गेल्यावर तिथे किबे लक्ष्मी या जुन्या नावाने खेळ सुरू झाले. आपल्या इंदोऱ्यात जसवंतच्या जागी मॉल आला, त्यात पडदे आहेत आणि नावही राहिले. तीन निरनिराळ्या वाटा आहेत आणि तिन्हींमध्ये काही ना काही गमावले गेले आहे.

नागपुरात महापालिकेच्या पातळीवर वारसा संवर्धन समिती आहे, पण वस्तीतल्या टॉकीजची वास्तू साधी असते. तिची भव्यता शिखरात नसून बाल्कनीच्या खांबाविना पुढे आलेल्या छतात, उतरत्या जमिनीत आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर बसवलेल्या खडबडीत पट्ट्यांत असते. हे रस्त्यावरून दिसत नाही, त्यामुळे यादीत येत नाही. ज्यांच्या ओळखीत एखादे बंद टॉकीज असेल, त्यांनी मालकांची परवानगी मिळवून दिल्यास मी मोजमापे घेऊन नकाशे काढून देईन. त्याचे पैसे घेणार नाही.

केबिनमधला
नकाशे जरूर काढा, परंतु साठ रुपयांत दोन मुलांना घेऊन येणारा रिक्षावाला त्या नकाशात कुठे दाखवणार? मला इमारतीइतकीच त्या खालच्या वर्गाच्या तिकिटाची काळजी आहे. पडदे वाढले, पण तो माणूस आत येईनासा झाला.

रेखाटनवही
काका, तुमचे म्हणणे मान्य आहे. तुम्ही केबिनचे काम सांगत जा, मी ध्वनिमुद्रण करते. नकाशासोबत ते जोडू या. त्या वर्गाची दारे, खिडकी आणि रांगेचे कठडे वेगळे असत, तेही मी मापात घेईन.

धरमपेठकर
हे झाले तर फार मोठे काम होईल. "नाव नको" यांना विचारतो, तुमच्याकडे जाहिरातींच्या काचेच्या स्लाइड उरल्या आहेत का? चित्रपटापूर्वी गावातल्या सराफांच्या आणि कापड दुकानांच्या ज्या दाखवत, त्या?

नाव नको
एक लाकडी खोका आहे. काही हाताने रंगवलेल्या आहेत. देतो. त्याच खोक्यात एका डब्यात फिल्मचे तुकडे आहेत आणि त्यांना आंबूस वास येतो आहे, त्यांचे काय करावे?

केबिनमधला
तो वास व्हिनेगरसारखा असेल तर ती ॲसिटेट या प्लॅस्टिकची फिल्म आहे आणि ती सडायला लागली आहे. तो डबा इतर फिल्मपासून आधी वेगळा करा, कारण त्या वायूने बाकीच्याही खराब होतात. हवाबंद ठेवू नका आणि पत्र्याच्या माळ्यावर तर मुळीच ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड व कोरड्या खोलीत ठेवा. तुकडे १९५० च्या आसपासचे किंवा त्याआधीचे असतील तर ते नायट्रेट या जुन्या ज्वालाग्राही फिल्मचे असू शकतात आणि ते भडकन पेटतात. तसे असेल तर घरात न ठेवता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवा. गड्डीगोदामवाल्या ताई किंवा दादा, तुमचा पुस्तिकांचा गठ्ठाही माळ्यावरून खाली आणा.

गड्डीगोदाम
आजच काढते, काका. बहिणीलाही फोन करून सांगितले. प्रत्येक पुस्तिकेवर टॉकीजचे नाव आणि तारीख तिने पेन्सिलीने लिहून ठेवली आहे म्हणे.