सल्ला हवा: कालप्रवासाच्या साहसात दोन खेळ एकत्र कसे आणावेत?

रानवाट: आमचा पाच जणांचा गट दोन वर्षे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या, टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका करण्याच्या कल्पनारम्य खेळाची पाचवी आवृत्ती खेळत आहे. दिवाळीच्या सुट्टीत याच पात्रांना मला 'कॉल ऑफ क्थुल्हू' या तशाच भयकथेच्या खेळातील १९२० च्या दशकातील बॉस्टनमध्ये न्यायचे आहे, जेथे दोन नवे खेळाडू शोधकांच्या, म्हणजे त्या खेळातील पात्रांच्या, भूमिकेत त्यांना भेटतील. बैठक एकच, सहा तासांची. खर्च दोन हजारांच्या आत. नियम कोणते ठेवावेत?

फासेपंत: 'गर्प्स' घ्या. १९८६ पासून हा खेळ कोणत्याही काळासाठी चालतो आणि १९९१ मध्ये कालप्रवासावर त्याचे स्वतंत्र पुस्तकही निघाले. मी दोन्ही परदेशातून मागवली, नऊ हजार गेले, पण संग्रहाला शोभा आली.

जुनी वही: नव्या पुस्तकांची गरजच नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्याच १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकात 'बूट हिल' आणि 'गामा वर्ल्ड' या दुसऱ्या खेळांमधील पात्रे आपल्या खेळात आणण्याचे नियम होते. त्याच धर्तीवर शोधकांचे रूपांतर करा.

फासेपंत: ते तिन्ही खेळ एकाच कंपनीचे होते, क्थुल्हू नव्हे, हे आपण विसरता.

मध्यरात्र: मूळ प्रश्नाकडे या. तुमच्या खेळातील पाचव्या लेव्हलच्या योद्ध्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची क्षमता दाखवणारे गुण, साधारण चाळिशीच्या पुढे असतात आणि शोधकाचे दहा-बारा, त्यामुळे ज्या गोळीने शोधक आडवा होतो तिने योद्ध्याला जेमतेम खरचटते. सर्वांना क्थुल्हूच्या नियमांत आणा. काळाचे म्हणाल, तर माझ्या खेळात एकाने वीस वर्षे मागे जाऊन, ज्या सरदाराने मोहिमेवर पाठवले त्यालाच मारले. मग मोहीम झालीच कशी, यावर तीन तास वाद झाला आणि दोघे कायमचे गट सोडून गेले. तेव्हापासून मी टेबलावर कागदाची लांब पट्टी पसरतो. जे प्रत्यक्ष खेळून झाले ते शाईने लिहायचे, जे केवळ ऐकीव आहे ते पेन्सिलीने. पेन्सिलीचे खोडता येते, शाईचे नाही.

निळी शाई: क्थुल्हूच घ्या, असेच मीही म्हणेन. त्याचे प्रारंभिक नियम प्रकाशक केऑसियम मोफत देते, म्हणजे खर्चाचा प्रश्नच उरत नाही.

जुनी वही: दोन वर्षे जोपासलेली पात्रे एका रात्रीसाठी मोडणे मला पटत नाही.

रानवाट: मलाही पटत नाही, म्हणून रूपांतर कोणाचेच करणार नाही. जुने खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतील, नवे शंभराचे फासे, आणि दोन्ही गटांत लढाई होणार नाही, हे आधीच ठरवून घेईन. पट्टीसाठी गुंडाळीचा कागद आज आणला. त्यावर पहिली ओळ पेन्सिलीने लिहिली आहे.